शिकाऊ व्हायचंय? आधी करार वाचा!

डिग्री हातात आहे, पण अनुभव नाही, अशा मुलामुलींसाठी सरकारच्या एक नाही, चार योजना आहेत. पैसे किती मिळतात, नोकरी लागते का आणि सही करण्याआधी काय बघायचं, याचा हा हिशेब.

शेवटच्या वर्षाचा रिझल्ट लागतो. सीव्ही तयार होतो, तो दहा ग्रुपवर फिरतो. कुणाच्या तरी ओळखीने एक इंटरव्ह्यू मिळतो. इस्त्रीचा शर्ट घालून आपण तासभर आधी पोहोचतो आणि समोरचा माणूस सीव्हीवर नजर टाकून पहिलाच प्रश्न विचारतो, ‘अनुभव किती?’ अरे, नोकरीच नाही दिली तर अनुभव येणार कुठून? हे तोंडावर बोलता येत नाही, म्हणून आपण ‘फ्रेशर आहे सर’ म्हणतो आणि ‘कळवतो’ हा शब्द ऐकून घरी येतो.

माझ्या एका मित्राचं बी.कॉम. झाल्यावर असंच झालं. चार-पाच ठिकाणी ‘कळवतो’ ऐकल्यावर त्याने एका कंपनीच्या अकाउंट्स विभागात अ‍ॅप्रेंटिस म्हणून एक वर्ष घेतलं. नातेवाइकांना ते काही पटलं नाही. ‘अ‍ॅप्रेंटिस? ते तर आयटीआयवाल्यांचं असतं ना? डिग्री घेऊन शिकाऊ?’ असं एका काकांनी त्याला लग्नाच्या पंगतीत विचारलं.

काकांचा गैरसमज आपल्यातल्या अनेकांचाही आहे. अ‍ॅप्रेंटिस म्हटलं की निळा डगला, ग्रीसचे हात आणि लेथ मशीनच डोळ्यांपुढे येतं. फिटर, टर्नर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन हे या योजनेचे जुने आणि आजही भक्कम खांब आहेत, यात वाद नाही. पण पदवीधर आणि डिप्लोमाधारकांसाठीही उमेदवारी आहे. आता त्यात आर्ट्स, कॉमर्स, सायन्सची मुलंही येतात. काही सरकारी बँका तर दरवर्षी पदवीधर अ‍ॅप्रेंटिस घेतात.

कायदा आपल्या आईबाबांपेक्षाही जुना

या सगळ्याच्या मुळाशी आहे शिकाऊ उमेदवारी कायदा, १९६१. कंपन्यांनी ठराविक संख्येने शिकाऊ मुलं घ्यावीत, त्यांना हाताने काम शिकवावं आणि त्या काळात विद्यावेतन द्यावं, ही त्याची साधी कल्पना. २०१४ आणि २०१९ मध्ये कायद्यात आणि नियमांत मोठे बदल झाले. आजचा नियम असा, की ज्या आस्थापनेत ३० किंवा त्याहून जास्त माणसं काम करतात, तिला एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. या मोजणीत कंत्राटी कामगारही धरले जातात. ४ ते २९ माणसं असतील तर मात्र ते ऐच्छिक आहे.

म्हणजे २०० माणसांच्या कारखान्याला किमान ५ आणि जास्तीत जास्त ३० उमेदवार घेता येतात. किमान आकडा कशाला, ते लगेच समजतं. पण वरची मर्यादाही तितकीच कामाची आहे. ती नसती, तर स्वस्तात मिळतात म्हणून निम्मा कारखाना शिकाऊ मुलांवर चालवायचा मोह कुणालाही झाला असता.

पैसे किती?

पहिला प्रश्न हाच असतो आणि तो विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही. २०१९ च्या नियमांनी दरमहा किमान विद्यावेतन शिक्षणाप्रमाणे ठरवलं. पाचवी ते नववी शिकलेल्याला ५ हजार, दहावी पास असेल तर ६ हजार, बारावी किंवा आयटीआय पास असेल तर ७ हजार, डिप्लोमाला ८ हजार आणि पदवीधराला ९ हजार. दुसऱ्या वर्षी त्यात १० टक्के आणि तिसऱ्या वर्षी १५ टक्के वाढ. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने हे दर ३६ टक्क्यांनी वाढवून ६,८०० ते १२,३०० रुपये करावेत, अशी शिफारस केली. त्यामुळे अर्ज भरताना जुन्या व्हॉट्सअ‍ॅप मेसेजमधला आकडा धरून बसू नका, पोर्टलवरचा ताजा आकडा बघा. आणि हा किमान आकडा आहे. कंपनीला जास्त द्यायचे असतील तर कायदा अडवत नाही.

आता खरं बोलू. नऊ हजारांत पुण्यात किंवा मुंबईत कॉट बेसिसवर राहून, मेसचा डबा लावून, पास काढून महिना निघतो का? ओढाताण होतेच. ज्याचं घर कंपनीपासून बसच्या अंतरावर आहे, त्याला हे वर्ष परवडतं. जो धाराशिवहून किंवा गडचिरोलीहून येतो, त्याला घरून पैसे मागवावे लागतात. म्हणून शक्य असेल तर आधी आपल्या जिल्ह्यातल्या आस्थापना शोधा. एसटीचे विभाग, महावितरण, साखर कारखाने, जवळच्या एमआयडीसीतल्या कंपन्या, अशा जागा आपल्या नाकासमोर असतात आणि आपण मात्र हिंजवडीकडे बघत बसतो.

चार दारं, चार वेगळ्या चाव्या

सरकारी मदत म्हटली की सगळी नावं एकमेकांत मिसळतात. ती वेगळी करून बघू.

पहिली, राष्ट्रीय अ‍ॅप्रेंटिसशिप प्रोत्साहन योजना, म्हणजे ‘नॅप्स’. ही २०१६ मध्ये सुरू झाली आणि कौशल्य विकास मंत्रालयाकडे आहे. यात सरकार विद्यावेतनाचा २५ टक्के वाटा उचलतं, पण दरमहा १,५०० रुपयांच्या मर्यादेत. पूर्वी हे पैसे कंपनीला परत मिळायचे. २०२३ पासून ते थेट उमेदवाराच्या खात्यात येतात. याचा अर्थ नीट समजून घ्या. तुमचं विद्यावेतन ७ हजार ठरलं असेल, तर कंपनीकडून ५,५०० येतील आणि १,५०० सरकारकडून वेगळे येतील. पहिल्याच महिन्यात ‘कंपनीने पैसे कापले’ म्हणून भांडायला जाण्याआधी आपलं बँक खातं आधारशी जोडलंय का, ते तपासा. ते जोडलेलं नसेल तर सरकारचा वाटा अडकतो.

दुसरी, राष्ट्रीय अ‍ॅप्रेंटिसशिप प्रशिक्षण योजना, म्हणजे ‘नॅट्स’. ही शिक्षण मंत्रालयाची आणि मुख्यतः पदवीधर व डिप्लोमाधारकांसाठी. यात किमान विद्यावेतनाचा निम्मा वाटा सरकारचा. पदवीधराच्या ९ हजारांतले साडेचार कंपनीचे आणि साडेचार सरकारचे. देशात यासाठी चार प्रादेशिक मंडळं आहेत आणि आपल्या पश्चिम विभागाचं मंडळ मुंबईत सायनला आहे. नॅप्स आणि नॅट्स यांची पोर्टलं वेगळी आहेत. अनेक मुलं एकावर नोंदणी करतात आणि दुसऱ्यावरच्या जागा त्यांना दिसतच नाहीत.

तिसरी, पंतप्रधान इंटर्नशिप योजना. जुलै २०२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जाहीर झाली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. देशातल्या ५०० मोठ्या कंपन्यांत एक वर्षाची इंटर्नशिप, असं तिचं स्वरूप. सुरुवातीच्या फेऱ्यांत वयाची अट २१ ते २४ होती, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत चालत होतं. दरमहा ५ हजार, त्यातले ४,५०० सरकारचे आणि ५०० कंपनीचे, शिवाय एकदाच मिळणारे ६ हजार. पूर्णवेळ कॉलेज किंवा पूर्णवेळ नोकरी करणाऱ्यांना ती नाही.

चौथी आपल्या राज्याची, मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना. २०२४ च्या आषाढी एकादशीला पंढरपुरात तिचा उल्लेख झाला आणि माध्यमांनी तिला ‘लाडका भाऊ’ करून टाकलं. वय १८ ते ३५. बारावी पासला ६ हजार, आयटीआय किंवा डिप्लोमाला ८ हजार, पदवीधर आणि पदव्युत्तरांना १० हजार. मुदत सहा महिन्यांची होती, पुढे ती पाच महिन्यांनी वाढवून अकरा केली. या योजनेतून खासगी कंपन्यांबरोबर सरकारी कार्यालयांतही मुलं गेली. मुदत संपत आल्यावर ‘आता आम्हाला कायम करा’ म्हणून प्रशिक्षणार्थींनी आंदोलनं केली. अकरा महिने ज्या टेबलावर काम केलं, ते सोडून पुन्हा शून्यावर यायचं, हे कुणालाही टोचणारच.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, जे सहसा कुणी सांगत नाही. ही चारही दारं एकामागून एक उघडत जात नाहीत. ज्याने आधी नॅप्स किंवा नॅट्सखाली उमेदवारी केली आहे, तो पंतप्रधान इंटर्नशिपला अपात्र ठरतो. सरकारी कंपन्यांच्या बहुतेक जाहिरातींतही ‘यापूर्वी अ‍ॅप्रेंटिसशिप केलेली नसावी’ अशी ओळ असते. म्हणजे घरात बसून कंटाळा आला, म्हणून मिळेल तिथे सही केली, तर पुढच्या चांगल्या संधीचं दार आपणच लावून घेतो. ही सही विचार करूनच करायची.

नोकरी लागते का?

२० मार्च २०१८, मंगळवार. सकाळी सातच्या सुमारास माटुंगा ते दादर दरम्यान शेकडो तरुण रुळांवर बसले. मध्य रेल्वेच्या लोकल ठप्प झाल्या. ऑफिसला निघालेली मुंबई साडेतीन तास अडकली. मोबाइलवर शिव्याशाप सुरू झाले. रुळांवर बसलेली ही मुलं होती रेल्वेची अ‍ॅप्रेंटिस. रेल्वेच्या कारखान्यांत, शेडमध्ये प्रशिक्षण पूर्ण केलेली. त्यांची मागणी होती, की आम्हाला थेट सेवेत घ्या, २० टक्क्यांचा कोटा काढून टाका. रेल्वेचं उत्तर होतं, की भरतीतल्या २० टक्के जागा तुमच्यासाठी राखीव आहेत, त्यासाठी परीक्षा द्या.

त्या दिवशी लोकलमध्ये अडकलेल्यांना हा हट्ट वाटला असेल. पण त्या मुलांनी ‘रेल्वेत लागला’ हे वाक्य गावभर ऐकलं होतं. आईबाबांनी पेढे वाटले होते. कायद्यात काय लिहिलंय, हे सही करताना त्यातल्या किती जणांना कुणी समजावून सांगितलं असेल?

कायदा सांगतो, की शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही. त्यामुळे कामगार कायदे त्याला सरसकट लागू होत नाहीत, पीएफचा प्रश्न येत नाही आणि प्रशिक्षण संपल्यावर त्याला नोकरी देण्याची सक्तीही मालकावर नाही. २०१४ च्या दुरुस्तीनंतर इतकंच झालं, की प्रशिक्षण पूर्ण केलेल्यांना घेण्याबाबत प्रत्येक कंपनीने स्वतःचं धोरण ठरवायचं. पण याच कलमात एक अपवाद आहे. प्रशिक्षणानंतर उमेदवाराने त्याच कंपनीत काम करायचं, अशी अट करारातच असेल, तर योग्य नोकरी देऊ करणं कंपनीला बंधनकारक होतं. ती अट मग उमेदवारालाही बांधते. म्हणून करार वाचायचा.

सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये उत्तर प्रदेश परिवहन महामंडळाच्या प्रकरणात याबाबत एक दिलासा दिला. बाकी सगळं समान असेल, तर थेट आलेल्या उमेदवारापेक्षा प्रशिक्षण घेतलेल्या अ‍ॅप्रेंटिसला प्राधान्य द्यावं, असं न्यायालयाने सांगितलं. प्राधान्य म्हणजे हमी नव्हे. पण भरतीच्या रांगेत दोन पावलं पुढे उभं राहता येतं, हे काही कमी नाही.

तुमचे हक्क, साध्या भाषेत

‘कामगार नाही’ म्हणजे ‘काहीच हक्क नाहीत’ असं नाही. कायद्याने दिलेल्या या गोष्टी पाठच करून ठेवा.

करार लेखी हवा आणि पोर्टलवर नोंदलेला हवा. नोंदणी नसेल तर तुम्ही कायद्याच्या नजरेत अ‍ॅप्रेंटिस नाहीच, मग प्रमाणपत्रही नाही.

विद्यावेतन नगावर ठरवता येत नाही. ‘इतके पीस काढलेस तर इतके पैसे’ हा हिशेब शिकाऊ मुलाला लावायला कायद्याची मनाई आहे. उत्पादन बोनसच्या स्पर्धेतही त्याला ओढता येत नाही.

ओव्हरटाइम सहज लावता येत नाही. त्यासाठी शिकाऊ उमेदवारी सल्लागार या सरकारी अधिकाऱ्याची परवानगी लागते आणि त्यामुळे प्रशिक्षणाला मदत होते किंवा ते सार्वजनिक हिताचं आहे, हे त्याला पटावं लागतं. ‘आज ऑर्डर आहे, रात्री थांब’ हे कारण त्यात बसत नाही.

काम करताना इजा झाली तर भरपाईचा हक्क आहे. सुरक्षेचे नियमही कायम कामगारांइतकेच लागू आहेत. म्हणून हेल्मेट, गॉगल, हातमोजे मागताना ‘मी तर शिकाऊ’ म्हणून मागे राहू नका.

कराराबाबत वाद झाला तर तो याच सल्लागाराकडे जातो. आयटीआय ट्रेडच्या मुलांना जिल्ह्यातल्या आयटीआयमध्ये बीटीआरआय केंद्रात चौकशी करता येते. नॅट्सच्या मुलांनी सायनच्या मंडळाकडे जायचं.

शिकवतात की राबवतात?

माझ्या त्या मित्राकडे परत येऊ. पहिले पाच महिने त्याने काय केलं? कुरिअरच्या पावत्या लावल्या, झेरॉक्स काढल्या, साहेबांच्या गाडीचं चलन भरलं. जीएसटीचं रिटर्न कसं भरतात, हे त्याने फक्त लांबून बघितलं. एका रविवारी वैतागून त्याने ड्रॉवरमधला करार काढला. त्यात कोणत्या महिन्यात काय शिकवायचं, याचा तक्ता जोडलेला होता. त्याने भांडण केलं नाही. तक्त्याचा फोटो जोडून एचआरला चार ओळींचा मेल टाकला, ‘यातलं माझं काय काय बाकी आहे, ते कधी सुरू होईल?’ दोन आठवड्यांनी त्याला एका सीनियर मॅडमच्या शेजारी बसवलं. पुढचे सहा-सात महिने बिलं तपासणं, बँकेचा ताळमेळ, जीएसटीची जुळवाजुळव, सगळं त्याने त्यांच्याकडून शिकून घेतलं. मॅडम कडक होत्या. चूक झाली की सगळ्यांसमोर बोलायच्या. पण चूक कुठे झाली तेही दाखवायच्या.

प्रत्येकाला अशा मॅडम मिळतीलच असं नाही. म्हणून सही करण्याआधी, शक्य असेल तर त्याच कंपनीतल्या जुन्या अ‍ॅप्रेंटिसला गाठा आणि विचारा: शिकवायला नेमका माणूस आहे का? एकाच मशीनवर किंवा एकाच टेबलावर वर्ष काढावं लागतं, की विभाग बदलतात? पैसे दर महिन्याला वेळेवर येतात का? मागच्या बॅचमधल्या किती जणांना ठेवलं? शेवटची परीक्षा द्यायला सुट्टी मिळते का?

शेवटचा प्रश्न आयटीआयवाल्यांनी विसरूच नका. प्रशिक्षणाच्या शेवटी अखिल भारतीय परीक्षा असते आणि ती पास झाल्यावर राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळतं. अनेक भरत्यांत त्याला वजन असतं. वर्ष राबून परीक्षेआधी सोडून जाणं, म्हणजे सगळं शेत नांगरून पेरणीला घरी बसणं.

कॉलेजात असतानाच?

नव्या शैक्षणिक धोरणामुळे ‘ओजेटी’ हा शब्द आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा झालाय. पदव्युत्तरच्या पहिल्या वर्षी चार क्रेडिटचं, साधारण १२० तासांचं कामाच्या जागेवरचं प्रशिक्षण. बरेच जण ओळखीच्या ऑफिसातून शिक्क्याचं पत्र आणतात आणि मोकळे होतात. असं करायला सोपं आहे, पण १२० तास खरंच एखाद्या ठिकाणी बसलो, तर आपल्याला तिथलं काम झेपतं का, आवडतं का, हे पूर्ण वर्ष गुंतवण्याआधी कळतं. ओजेटी म्हणजे अ‍ॅप्रेंटिसशिप नव्हे, त्यात विद्यावेतनाची सक्तीही नाही. पण ती चाचणी म्हणून वापरता येते.

यूजीसीने अ‍ॅप्रेंटिसशिपचा समावेश असलेल्या पदवी अभ्यासक्रमांनाही वाट करून दिली आहे. त्यात डिग्रीचाच काही काळ कंपनीत जातो आणि त्याचे क्रेडिट मिळतात. तुमच्या कॉलेजात असा कोर्स आहे का, प्लेसमेंट सेल नॅट्सच्या पोर्टलवर नोंदलेला आहे का, हे विचारायला प्राचार्यांच्या केबिनबाहेर पंधरा मिनिटं थांबावं लागेल. थांबा.

मित्राचं पुढे काय झालं? त्या कंपनीने त्याला ठेवलं नाही. जागाच नाही म्हणाले. त्याला वाईट वाटलं, घरच्यांना जास्त वाटलं आणि काकांनी ‘मी म्हणालो नव्हतो?’ हे ठरल्याप्रमाणे ऐकवलं. दीड महिन्याने एका लहानशा सीए फर्ममध्ये इंटरव्ह्यू झाला. प्रश्न तोच, ‘अनुभव किती?’ त्याने ‘एक वर्ष’ सांगितलं. समोरच्याने भुवया उंचावून ‘काय केलंत?’ विचारलं, तेव्हा त्याने रोजच्या कामाची नोंद ठेवलेली शंभर पानी वही पुढे सरकवली. पुढचा अर्धा तास ते दोघं बँकेच्या ताळमेळावरच बोलत होते. सध्या तो तिथेच आहे. पगार फार नाही, असं तो स्वतःच सांगतो. मार्चमध्ये त्याच्याकडे फोन उचलायलाही वेळ नसतो.